ताकसांडे स्टेशनाचं फाटक

सेलूच्या बौद्ध वस्तीत एक घर असं आहे, की आत जायचं तर मोठ्या माणसाला कमरेत वाकावं लागतं. दार ठेंगणं नाही. चौकट चांगली उंच, सागवानी, घरमालकानं स्वतः घडवलेली. पण चौकटीच्या आत, छातीच्या उंचीवर, एक आडवी फळी बसवलेली असते आणि तिच्यावरून रेल्वे जाते.

फळी निघते. दोन्ही बाजूंच्या खाचांतून वर ओढली की हातात येते. प्रेमदास ताकसांडे ती कोणासाठी काढतात आणि कोणासाठी काढत नाहीत, यावर सेलूत दोन वर्षं बोललं गेलं. अजूनही कोणी बोलतं.

ताकसांडे सुतार आहेत. जातीनं नव्हे, कामानं. १९५६ साली बापासोबत नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले तेव्हा ते विशीत होते. बाप शेतमजूर. मुलाला त्या वाटेनं जायचं नव्हतं. वर्ध्याला ग्रामोद्योगाच्या एका वर्गात ते पेटी-चरखे करायला शिकले. झाकण लावलं की आतली एकही वस्तू वाजता कामा नये, अशी तिथली परीक्षा असे. तिथून ते सेलूला बंडूजींच्या लाकडाच्या कारखान्यात लागले. खाटा, चौकटी, पाट, आणि बैल.

बैल हे बंडूजींचं मोठं काम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या भागात तान्हा पोळा असतो. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत मैदानात आणतात, तोरणाखाली ओळीनं उभे करतात, मग घरोघर फिरतात. प्रत्येक घरी बैलाची पूजा होते आणि पोरांच्या हातावर बोजारा पडतो, कुठं सुटे पैसे, कुठं खाऊ. घरात नवी खुर्ची येणार नाही, पण नातवाला बैल येतो. या बैलाचा एक नियम आहे. अंग एका ओंडक्यातून निघालं पाहिजे. शिंगं वेगळी बसवलेली चालतात, पण अंगाला जोड असला की तो बैल खंडित, पूजेला बाद. ताकसांड्यांनी वीस वर्षं एकही जोड न देता बैल केले. जोड म्हणजे लबाडी, असं ते म्हणत, आणि खाटेलाही तोच नियम लावायला बघत.

गिऱ्हाईक विचारी, "बंडूजी, कारागीर कोण?"

बंडूजी सांगत, "नागपूरचा आहे. खानदानी सुतार."

खानदानी सुतार मागच्या पडवीत वाकस चालवत बसलेला असे आणि त्याला ते ऐकू येत असे. पूजेचा बैल कोणाच्या हातचा आहे हे कळलं तर धंदा बसेल, असं बंडूजींचं गणित होतं. ताकसांड्यांनी ते बरीच वर्षं चालू दिलं. इकडे वस्तीतले जाणते लोक त्यांना वेगळंच सुनावत. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना बे? मंग नंदी काऊन घडवते?" ताकसांडे म्हणत, "मी पूजा करतो का? मजुरी करतो." दोन्हीकडून टोचलं जाई. राग साठत होता, पण तो पटाशीखाली जात होता.

१९७४ साली वासुदेवरावांनी मिरवणुकीसाठी मोठा लाकडी नंदी करायला सांगितला. वासुदेवराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि पोळ्याच्या मंडळाचे पुढारी. नंदी माणसाच्या खांद्याला लागेल एवढा हवा होता. असा ओंडका मिळणं कठीण. ताकसांड्यांनी स्वतः लाकूड निवडलं, उन्हा-सावलीत वाळवलं, आणि एका अंगातून नंदी काढला. मानेखालची लोंबती पोळी अशी कोरली, की चाकं फिरली की ती हलते असा भास व्हावा. तान्ह्या पोळ्याला नंदी निघाला तेव्हा लोक त्याच्या पाया पडले. वासुदेवरावांचं नाव झालं, बंडूजींचं झालं. ताकसांडे रस्त्याच्या कडेला उभे होते.

तिसऱ्या वर्षी ऐन मिरवणुकीच्या सकाळी नंदीचं डावं शिंग हललं. बंडूजी धावत वस्तीत आले आणि ताकसांड्यांना घेऊन गेले. वासुदेवरावांच्या वाड्याच्या मागच्या भिंतीपाशी आल्यावर म्हणाले, "तू इथीच थांब. घरात पूजेची तयारी चालू आहे. गडी आत आहे, त्याले सांग कसं करायचं ते."

मग असं झालं. भिंतीच्या आत नंदी आणि घरचा गडी. भिंतीबाहेर नंदी करणारा. मधे बंडूजी.

"खुंटी कोन्या बाजूनं ठोकू?" गडी आतून विचारी.

"मागून. कानाच्या मागून," ताकसांडे बाहेरून सांगत.

"कोन्या कानाच्या?"

"शिंग कोन्या बाजूचं हललं, बाप्पा? त्याच कानाच्या!"

"जोरात ठोकू का?"

"ठोकशीन त फाटन ते! दोन बोटानं दाब, मंग हलकं हलकं."

शिंग बसलं. बरं बसलं नाही, पण बसलं. मिरवणूक वेळेवर निघाली. बंडूजी म्हणाले, "मिटलं बाबा एकदाचं." ताकसांडे घरी आले.

पुढचं त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई सांगतात. "आले अन् खाट बाहेर काढली. मले वाटलं, गरमी होऊन राह्यली, बाहेर झोपाचं असन. मंग कपाट सरकवलं. मी म्हटलं, अवो, घर सोडून चाललो का आपण? त म्हणे, जागा मोकळी पाह्यजे. रेल्वे टाकाची हाय."

रेल्वेच का, हे त्यांना पुष्कळांनी विचारलं. सेलूपासून नागपूर लाइन लांब नाही. सुलोचनाबाईंचा धाकटा भाऊ कवडू त्या लाइनीवर गँगमन आहे, रूळ आणि गिट्टी सांभाळतो. पण ताकसांड्यांचं उत्तर कवडूबद्दल नसतं. ते म्हणतात, "रेल्वेची कोणी पूजा नाई करत. तिकीट काढलं का जो तो बसते."

पहिली फळ्यांची बैठक त्यांनी जमिनीवर केली. कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला. मग ती भिंतीवर गेली. घर एका खोलीचं, विटांचं, वर टिन. चारही भिंतींना छातीच्या उंचीवर लाकडी घोडे ठोकले आणि त्यांच्यावर फळ्या टाकल्या. फळ्या खोक्यांच्या, बांधकामावरच्या, कारखान्यातल्या उरलेल्या. अशी लाकडं एकत्र आणली की ती आपापल्या स्वभावानं वाकतात, म्हणून प्रत्येक फळीखाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या. उंची मुद्दाम ठरवली होती. खाली बसून सुलोचनाबाईंना स्वयंपाक करता आला पाहिजे.

"गाडी वर, आमी खाली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "धूर झाला का म्हणजो, इंजनाचा हाय."

"चुलीवर स्टेशन नाई करत मी. तिथून गाडी सरळ जाईन."

"उपकार झाले!"

रुळांसाठी त्यांनी जे शोधलं ते याच जिल्ह्यात सुचू शकतं. प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठी लोखंडी पट्टीनं आवळतात. तुटक्या पट्ट्या भंगारात पडलेल्या असतात. ताकसांड्यांनी त्या आणल्या, दगडावर ठेवून मोगरीनं सरळ केल्या, गंज घासला. पट्टी आडवी न ठेवता उभी धरली की तिचा रूळ होतो आणि कोपऱ्यात हव्या त्या वळणानं वळतो. स्लीपर सागवानाच्या तुकड्यांचे, जळक्या ऑइलमध्ये बुडवलेले. प्रत्येक स्लीपरला करवतीनं दोन खाचा, खाचेत पट्टी ठोकून घट्ट. दोन रुळांमधलं अंतर त्यांनी मध्यम बैलाच्या चाकांइतकं ठेवलं, कारण तेवढ्या मापाचे आस त्यांच्या हाताला पाठ होते. डब्यांची चाकंही खरादीवर बैलाच्या चाकांसारखीच काढली. आतल्या बाजूला तेवढी कड ठेवली, चाक रुळावरून उतरू नये म्हणून.

आणि जोड दिला नाही. म्हणजे पट्ट्या लहान होत्या, त्या एकमेकींना रिव्हेटनं जोडणं भागच होतं. पण रिव्हेटची डोकी कानशीनं इतकी घासली, की बोट फिरवलं तर कळू नये. चार भिंतींवरून फिरून आलेली ती एक अखंड पट्टी होती. हिवाळ्यात कवडू पाहायला आला. त्यानं रुळावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"भाऊजी, जोड कुठी हाय?"

"नाई."

"असं कसं? गॅप तरी सोडली का नाई?"

"तुमची लाइन सरकारी हाय. माह्यी नाई."

"सरकारी-बिगरसरकारी लोखंडाले काय समजते? उनाळ्यात बोलवजो मले."

"तू गिट्टी फोड. मले नको शिकवू."

मे सरता सरता नवतपा लागला, वर्षातले सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. टिनाखालच्या खोलीत दुपारी हवा हलत नव्हती. एका दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर फट्‌ असा आवाज झाला आणि रूळ सात-आठ स्लीपर उपटून वर आला. त्याची चक्क कमान झाली. ताकसांड्यांनी तो ठोकून खाली बसवला. दुसऱ्या दिवशी तो उत्तरेच्या भिंतीवर उठला. तिथं बसवला, तर चुलीवर उठला. आठवडाभर ते घामाघूम होऊन हातोडी घेऊन चार भिंतींवर फिरत होते. सुलोचनाबाई म्हणाल्या, "तुमची रेल्वे तोरण बांधून राह्यली. बैल उभे करा खाली." त्या रात्री ते जेवले नाहीत.

शेवटी कवडूला निरोप गेला. तो आला, त्यानं रूळ पाहिला, आणि दाराच्या पायरीवर बसून पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "लोखंडाले जागा देजो, भाऊजी. नाई देल्ली त ते घेते."

"बैलाले जोड चालत नाई."

"हा बैल हाय का?"

ताकसांड्यांनी हॅक्सॉ घेतला. ते कापत होते आणि शिव्या देत होते. कवडूला, लोखंडाला, उन्हाला, बंडूजींना. स्वतः घासून लपवलेले जोड त्यांनी एक-एक करून पुन्हा उघडे केले. प्रत्येक ठिकाणी काडेपेटीतल्या काडीएवढी फट ठेवली आणि बाहेरून पत्र्याची लहान पट्टी लावली, रूळ मागेपुढे सरकेल पण इकडेतिकडे होणार नाही अशी. फळ्याही मग तुकड्यांत केल्या. एका तुकड्याची खुंटी दुसऱ्याच्या भोकात. भिंतींना चुना मारायचा तर तुकडे उतरवता यावेत.

नंतर गाडी लोटली तेव्हा चाकं फटींवरून गेली. कट-कट, कट-कट. अखंड रुळावर हा आवाज नव्हता. सुलोचनाबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "आता वाटते रेल्वे." ताकसांडे दिवसभर गाडी लोटत राहिले.

इंजिनात नंतर बॅटरीवरच्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर आली, टॉर्चच्या सेलवर चालणारी. दाराच्या जागी घेर तुटत होता, तिथं काढघाल करायची फळी आली. तिला घरात फाटक म्हणू लागले. गाडी चालू असली की फाटक बंद. पाणी घेऊन आलेल्या सुलोचनाबाईंना बाहेर उभं राहावं लागे. "लोकाईच्या घरी दार असते," त्या म्हणत, "माह्या घरी फाटक हाय."

दारासमोरच्या भिंतीवर स्टेशन केलं. फलाट, बाक, पाण्याची टाकी, आणि दोन खांबांवर पिवळी पाटी. पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलं : ताकसांडे.

कवडू म्हणाला, "स्टेशनले गावाचं नाव असते, भाऊजी. माणसाचं नाई."

"बैलाले कोणाचं असते?"

"बैलाले नावच नाई राह्यत."

"म्हणून."

वस्तीतली पोरं, मग मोठी माणसं, मग केळझरच्या जत्रेला जाता-येता पाहुणे घरी येऊ लागले. फाटक सगळ्यांसाठी निघत असे. बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. १९८१ च्या पोळ्याच्या आधी बंडूजी आले. ते आत आले नाहीत. गल्लीतूनच बोलले.

"प्रेमदास! अबे, कारखान्यात एवढी वर्षं आहे, सांगितलं नाई तू. मंडळाले पाह्यजे तुझी रेल्वे. तान्ह्या पोळ्याले मैदानात मांडू. डब्यांमधी लहान लहान बैल बसवू. पोट्टे खूश होतीन. मी सांगून बसलो, आमच्या कारखान्याची आहे म्हणून."

"कारखान्याची?"

"आता तू कारखान्यातच आहे ना? एकच झालं. तेवढी पिवळी पाटी काढून ठेव. सेलू लिही त्याच्यावर. गावाचं स्टेशन, कोणाले काई म्हणता येत नाई."

"वासुदेवरावले म्हणा, येऊन पाहा आधी."

"ते वस्तीत येतीन?"

"मतं मागाले येते ना? रेल्वे पाहाले काऊन नाई येत?"

वासुदेवराव दुसऱ्या दिवशी आले. खरोखर आले. पाऊस भुरभुरत होता. पांढरी टोपी, हातात छत्री, मागे बंडूजी, आणि त्यांच्या मागे अर्धी वस्ती. दारात फळी बसवलेली होती.

"फळी काढ बे," बंडूजी म्हणाले.

"पावसानं फुगली. निघत नाई."

त्याच सकाळी सुलोचनाबाईंनी फळी काढून दोन गुंड पाणी आत आणलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

वासुदेवरावांनी फळीकडे पाहिलं, ताकसांड्यांकडे पाहिलं. छत्री मिटून बंडूजींच्या हाती दिली. एका हातानं टोपी धरली आणि ते वाकून आत गेले. बंडूजी छत्री घेऊन बाहेरच राहिले.

गाडी सुरू केली. ती पूर्वेच्या भिंतीवरून निघाली, चुलीवरून गेली, पश्चिमेकडे वळली, दारातल्या फळीवरून खडखडत गेली आणि उत्तरेच्या भिंतीवरून फिरून पिवळ्या पाटीसमोर येऊन थांबली. वासुदेवराव लहान पोरासारखे तिच्या मागे मागे फिरले. हे ताकसांडेही कबूल करतात. त्यांनी रुळावर बोट ठेवलं, फट पाहिली, फळीखाली वाकून खुंट्या पाहिल्या. मग म्हणाले, "काम मोठं आहे, प्रेमदास. मैदानात आण. लेकराईले पाहू दे."

"आणतो. पाटी राहीन."

"पाटी कशाले? उगाच चर्चा होते."

"कशाची चर्चा?"

वासुदेवराव पुन्हा फळीखालच्या खुंट्या बघू लागले.

"तुमचा नंदी मीच केला," ताकसांडे म्हणाले. सात वर्षं हे वाक्य तोंडात होतं. ते म्हटल्यावर काय होईल, हे त्यांनी पुष्कळदा मनात पाहिलं होतं. वासुदेवराव दचकतील. रागावतील. नंदी फेकून देतील. काहीतरी होईल.

वासुदेवराव शांतपणे म्हणाले, "मले माहीत आहे."

"कवापासून?"

"पह्यल्यापासून. सेलूत कोणाले माहीत नाई? शिंग बसवलं तेव्हा भिंतीमागून आवाज तुझाच होता ना. घरात सगळ्याईनं ऐकला."

"मंग आत काऊन नाई बोलावलं?"

"बंडूजीनं सांगितलं नाई, मी विचारलं नाई. चालून राह्यलं होतं, चालू देल्लं." त्यांचा आवाज समजुतीचा होता. "तुले काम भेटत होतं. नंदीची पूजा होत होती. कोणाचं काई अडत होतं का?"

ताकसांड्यांनी इंजिनातले सेल एक-एक करून काढले आणि फलाटावर ओळीनं ठेवले. हे सुलोचनाबाईंनी पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचे राग पाहिले होते, हातोडी फेकणारे, ताट सरकवणारे. हा तसला नव्हता. इतकी वर्षं ते एका लपवलेल्या गोष्टीचा राग करत होते, आणि ती लपलेलीच नव्हती. बंडूजींचा नागपूरचा कारागीर कोणी खरा मानला नव्हता. गडी आतून जे विचारत होता ते घरातली माणसं ऐकत उभी होती. ज्या हाताची पूजेला अडचण होती तो हात सगळ्यांना माहीत होता. अडचण फक्त तो हात दिसण्याची आणि त्याचं नाव घेण्याची होती.

"पाटी राहीन तर गाडी येईन," ते म्हणाले. "नाई त नाई."

"विचार कर."

"झाला करून."

वासुदेवराव टोपी धरून पुन्हा वाकले आणि बाहेर गेले. त्यांची पाठ फिरल्यावर ताकसांड्यांनी एका हातानं फळी वर ओढली. ती सहज निघाली. वस्तीतली माणसं हसली. वासुदेवरावांनी ते हसणं ऐकलं असणार, पण वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताकसांडे कारखान्यात गेले ते हत्यारं पोत्यात भरायला.

"अरे, एवढं झालं काय?" बंडूजी म्हणाले.

"काईच नाई झालं. तेच त."

त्यानंतर ते घरीच बैल करू लागले. प्रत्येक बैलाच्या पोटाखाली तापवलेल्या खिळ्यानं डागून नाव लिहीत. प्रेमदास ताकसांडे, सेलू. गिऱ्हाइकं आली, बैल उलटा करून पाहिला की काही परत गेली. काही म्हणत, "नाव तेवढं घासून द्या." ते म्हणत, "मंग बैलही घासून देतो." घेणारेही निघाले, पण घर चालेल इतके नाही. उरलेल्या दिवसांत ते सेवाग्रामला दवाखान्याच्या नव्या इमारतीवर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला जाऊ लागले. सुलोचनाबाईंना हे पसंत नव्हतं, आजही नाही. "नाव घेऊन काय चाटाचं हाय?" असं त्या तोंडावर म्हणतात. आणि कोणी बैल परत करायला आलं, की दारातूनच त्याला झोडपून काढतात.

पुढच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला मैदानातली मिरवणूक संपल्यावर एक गोष्ट झाली, जी कोणी ठरवली नव्हती. गावातली पाच-सहा पोरं आपापले बैल चिखलातून ओढत वस्तीत आली. आयांना माहीत नव्हतं. गाडीचं ऐकून आली होती, पण रीत म्हणून दारात उभी राहून ओरडली, "बोजारा द्या!"

ताकसांडे दारात आले. फळी बसवलेली होती. पहिल्या पोराच्या बैलाकडे त्यांनी पाहिलं.

"हा बैल कोणी केला?"

"बंडूजीच्या दुकानातला हाय."

"दुकान बैल करत नाई. केला कोणी?"

ताकसांड्यांनी बैल उचलला, मानेखालची पोळी अंगठ्यानं चाचपली. "प्रेमदास ताकसांडेनं केला. म्हण."

"प्रेमदास ताकसांडेनं केला."

"जा आत."

दुसऱ्यानं न विचारता नाव सांगितलं. तिसऱ्यानं ओरडून. सुलोचनाबाई आतून कडाडल्या, "लेकराईवर काऊन राग काढून राह्यले तुमी?"

"राग नाई. तिकीट हाय."

शेवटी एक मुलगी उरली. तिचा बैल चकचकीत रंगाचा, नवा होता. ताकसांड्यांनी तो उलटा करून पाहिला. त्यांच्या हातचा नव्हता.

"हा कोणी केला?"

"आजोबानं नागपूरवरून आणला."

"आणला. केला कोणी?"

"माहीत नाई."

"आजोबा कोण तुह्ये?"

मुलीनं वासुदेवरावांचं नाव सांगितलं. नलू तिचं नाव, वय सात-आठ.

"जाय. विचारून ये."

"मंग गाडी दाखवसान?"

"येशीन तोवर गाडी नाई चालत."

नलू बैल ओढत गेली. आत पोरं कुरकुरत बसली. सुलोचनाबाईंनी त्यांना मुरमुरे दिले आणि नवऱ्याकडे पाहायचं टाळलं. गाडी स्टेशनात उभी होती.

मुलगी परत आली तेव्हा धापा टाकत होती. बैल घरीच राहिला होता.

"आजोबाले माहीत नाई म्हणे, नागपूरवाल्याचं नाव. त्याईनं विचारलंच नोतं." मग तिनं पाठ करून आणलेलं सांगितलं. "पण आजोबानं म्हटलं, त्याईले सांगजो, मोठा नंदी तुमीच केला. हे मले माहीत हाय."

ताकसांडे म्हणाले, "हे मलेही माहीत हाय. मले नको सांगू म्हणा. मैदानात सांगा, तोरणाखाली उभं राहून."

"बरं," नलू म्हणाली. "आता येऊ?"

फळी जागेवरच होती. मुलगी तिच्याखालून सरळ चालत आत गेली. त्या उंचीच्या माणसाला वाकावं लागत नाही. ताकसांड्यांनी सेल जोडले आणि गाडी सोडली.

मैदानात ते नाव अजून घेतलं गेलेलं नाही. नलूनं निरोप पोचवला, एवढं नक्की, कारण त्या संध्याकाळी वाड्यात तिला रागावल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला. वासुदेवराव आता वस्तीत मतं मागायलाही स्वतः येत नाहीत, पुतण्याला पाठवतात. नंदी यंदाही निघाला. डावं शिंग पुन्हा हलायला लागलं आहे, असं कवडू पाहून आला. गड्यानं आतून ठोकलेली ती खुंटी जास्तीत जास्त आणखी एक पोळा टिकेल, असा ताकसांड्यांचा अंदाज आहे. त्यानंतर बोलावणं येईल. आपण जाणार नाही, नंदीच वस्तीत आणावा लागेल, दारासमोर, दिवसाढवळ्या, हे त्यांनी आत्ताच ठरवून ठेवलं आहे. शिंगासाठी सागवानाचा तुकडाही काढून ठेवला आहे. तो स्टेशनाच्या फलाटावर, पिवळ्या पाटीखाली पडलेला असतो, आणि गाडी त्याच्या बाजूनं जाते.